भावाच्या नावाचं पितळ

मी सीताबाई. इंझोरीच्या माळ्यायच्या घरची धाकटी सून. तोंडानं तिखट हावो, हे लोकायनं सांगायची गरज नाई, मीच सांगतो. पन एका बाईपुढं माह्यं तोंड बंद होत होतं, ते माह्या थोरल्या जाऊबाईपुढं, गोजराबाईपुढं. ती मले कधी रागावली म्हनून नाई. तिचं काम पाह्यलं का बोलायचंच भुलून जावं, असं होत होतं.

आता भांडे घासनं हे काय पाह्यासारखं काम हाये? मले तं त्याचा जल्माचा कंटाळा. राख घ्या, दोन हात मारा, पालथं घाला, सुटले. पन जाऊबाई पितळ घासाले बसली का विहिरीवर आलेल्या बाया भरलेली घागर डोक्यावर घेऊन तशाच उभ्या राहत. "गोजराबाई, हे पितळ कालच बाजारातून आनलं का हो?" असं नवी आलेली बाई हमखास इचारे. अन् ते पितळ तिच्या लग्नातलं! तिचं लगन झालं तवा मी जलमलीही नव्हती.

आमचं बागाईत होतं. वांगे, मेथी, सांबार म्हंजे कोथिंबीर, मिरच्या. शेलूबाजारच्या बाजाराले बंडी भरून माल जाय. थोरले भासरे, म्हंजे जाऊबाईचे मालक गुलाबराव, वारले होते, म्हनून घरचा सारा कारभार आमच्या यायच्या हातात. यायचं नाव हिरालाल. नवऱ्याचं नाव घेतलं म्हनून डोळे वटारू नका, आता ह्या वयात कोन काय करते मले! मानूस मनानं सोनं, पन रितीभातीची गोस्ट निघाली का दगड. सासू मानमोडीच्या साथीत गेली तवा हे रांगत होते. जाऊबाई तवा सोताच पोट्टी, नवीन नवीन सासरी आलेली. तिनंच दिराले कडेवर वागवलं, तिनंच त्याले ताक-भाकर चारली. घरात त्यायले "हिरा" म्हननारी ती एकटीच. हे तिले वयनी म्हनत अन् अदबीनं "तुमी" म्हनत.

जाऊबाईच्या साऱ्या भांड्यायत एक गुंड होता. गुंड म्हंजे आमच्याकडं पान्याचं गोल पोटाचं मोठं पितळी भांडं. तो तिच्या भावानं देल्लेला. तिचं माहेर जऊळक्याचं. भाऊ उकंडराव तिथल्या टेशनावर पोते वाहे. त्याच्या अगुदरचे लेकरं जगले नाई, म्हनून मायनं त्याले जलमल्याबरोबर उकंड्यावर, म्हंजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं अन् नावही तेच पाडलं. मंग तो जगला. बहिनीच्या लग्नात त्यानं हा गुंड आनला, अन् नाव टाकनाऱ्याकडून त्यावर बारीक ठिपक्यायनं अक्षरं टाकून घेतले, "उकंडरावकडून गोजरास". सासरी दहा जनींच्या भांड्यायत आपल्या बहिनीचं भांडं वेगळं दिसलं पायजे, असं त्याचं म्हननं. पुढच्याच साली मानमोडी आली. त्या तापानं जऊळक्याच्या घरात एक मानूस ठेवला नाई. माय गेली, बाप गेला, उकंडराव गेला. त्याचं लगन झालेलं नव्हतं. मांगं पानी द्याले कोनी राह्यलं नाई.

आता हे पान्याचं काय ते सांगतो, कारन सारं तिथीच अडलं. आमच्याकडं आखजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, घरच्या मेलेल्यायच्या नावानं पान्याची घागर भरतात. वैशाखाचं ऊन, त्यायचा जीव तहानेला असते म्हनतात. घागर भराची, पितर म्हनून परक्या घरच्या एखाद्या मानसाले पाटावर बसवाचं, त्याले पुरनाचं जेवू घालाचं, चिचोनी, म्हंजे चिचेचं गूळपानी, पाजाची, का तिकडं आपला मानूस शांत होते. पन हे कराचं ते घरच्या लेकानं. लगन होऊन गेलेल्या लेकीनं माहेरच्यायले पानी द्याचं नाई. तिचं पानी सासरचं झालं. तिनं देल्लं तरी ते तिकडं पोचत नाई, असं म्हातारे सांगत.

मंग जाऊबाई काय करे? दर आखजीले उकंडरावचा गुंड काठोकाठ भरे अन् विहिरीजवळच्या जांबाच्या झाडाखाली नेऊन ठेवे. हात जोडे नाई, नाव घे नाई, घास टाके नाई. कोनी इचारलंच तं म्हने, "मी कोनाले काई देत नाई बाप्पा. गुंड त्याचा, नाव त्याचं. त्याचं पानी त्यानं प्यावं." आमचे हे पाहून न पाह्यल्यासारखं करत. देनारं कोनी नाई, मंग रीत मोडली कुठी? मी पह्यल्यांदा आयकलं तवा म्हतलं, वा वं माय, ही तं वकील व्हाले पायजे होती!

म्हनून ते नाव तिले जपाचं होतं. अन् पितळ जपनं अन् पितळावरचं नाव जपनं, ह्या दोन उलट्या गोस्टी हायेत. घासलं नाई तं पितळ काळं पडते, घासलं तं नाव झिजते. भल्याभल्या बाया एक सांभाळतात अन् दुसरं घालवतात. जाऊबाईनं दोन्ही सांभाळलं.

तिची चिच जुनी, बिनमिठाची. लावली का लगेच धुवाची. "सीते, चिच लावून शेजारी गप्पा हानाले जाऊ नोको, पितळ लाल पडते," असं मले कितीदा म्हने, कारन मी तेच करत होती. राख पऱ्हाटीची, म्हंजे कपाशीच्या काड्यायची, अन् तीही फडक्यातून गाळलेली. चोळाचं ते काथ्यानं नाई, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं. मंग भरपूर पानी, मंग कोरडं फडकं, मंग उलीसाक ऊन, पितळ हाताले कोमट लागेपर्यंत. ओलं ठेवलं का ठिपके पडलेच समजा. पावसाळा लागाच्या अगुदर जवसाच्या तेलाचं बोट चिंधीले लावून गुंड असा पुसे का तेल हाताले लागू नये पन पितळाले लागावं. एखाद्या साली पाऊस आठ-आठ दिस उघडे नाई, माह्या भांड्यायवर हिरवं चढे, अन् तिच्या गुंडाले काई म्हंजे काई होये नाई. मी तवा तिच्याकडं पाहतच राहो. असा राग ये सोताचा!

अन् नाव? नावाले राख नाई, चिच नाई, चिंधी नाई. तिथी फक्त आंबट ताक अन् तिचं बोट. उजव्या हाताचं बोट ताकात बुडवून ती एकएका अक्षरावरून फिरवे. घाई नाई. वरून खाली, वळसा घालून बाहेर, अन् वरची आडवी रेघ सगळ्यात शेवटी. मंग साध्या पान्याचं बोट तसंच. आजूबाजूचं पितळ लखलख करे अन् मधात नावाची पट्टी तेवढी काळसर राहे. ठिपके तं कवाचेच बुजत आले होते. त्यायच्यात जे काळं बसलेलं होतं त्याच्यानंच नाव वाचता येत होतं, अन् ते काळं तिनं मुद्दाम राहू देल्लं होतं. वाचता येत होतं म्हंजे दुसऱ्यायले. जाऊबाई अंगठेबहाद्दर. तलाठ्याजवळ अंगठा, पोस्टाच्या मानसाजवळ अंगठा. मीही तशीच.

माह्ये चार भाऊ जिते होते, अन् महिना-महिना मले त्यायची आठवन होये नाई. ही बाई मेलेल्या भावाचं नाव असं लेकरासारखं न्हाऊ घाले. मले तिचा लय अभिमान वाटे. तोंडावर कधी म्हतलं नाई, पन बाजारात कोनी पितळाची गोस्ट काढली का मी म्हनो, आमच्या घरी या, पितळ काय असते ते पाहा.

नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं राज्य आलं, त्याच्या पुढच्या माघात जाऊबाईच्या लेकाचं, रामधनचं लगन झालं. सून आली ललिता. चौथी पास, अन् तरी कामाले मांगं नाई. लग्नानंतरची तिची पह्यली आखजी आली. आदल्या दिवशी मी अन् जाऊबाई घरात पुरनाची डाळ निवडत बसलो होतो. ललिता सासूले म्हने, "आत्याबाई, आज पितळ मी घासतो. तुमी उठाचंच नाई." अन् सारे भांडे विहिरीवर घेऊन गेली.

आमच्यात नव्या सुनेची परीक्षा पितळावर होते. तिनं घासलेल्या गुंडात सासूले सोताचं तोंड दिसलं पायजे. तिच्या मायनं तिले हेच शिकवून धाडलं होतं. गुंडावर ती काळी पट्टी पाहून पोरीले वाटलं, सासूचे डोळे अधू झाले, बिचारीले हा मळ दिसत नसन. नावही दिसलं तिले. पन तिच्या माहेरच्या भांड्यायवर नावं नवी, खोल कोरलेली. तिले वाटलं, मळ निघन अन् नाव आनखी उजळ होईन. तिनं विटकरीचा भुगा घेतला, चिच घेतली, मीठ घेतलं, काथ्या घेतला, अन् त्या पट्टीवर सारा जोर काढला.

मंग गुंड डोक्यावर घेऊन हासत घरात आली. "पाहा बरं आता, आत्याबाई!"

जाऊबाईनं गुंड मांडीवर घेतला. फिरवला. आनखी फिरवला. दाराच्या उजेडाकडं धरला. मंग तिनं बोट लावून पाह्यलं, अन् बोट तिथीच राह्यलं. गुंडात तिचं तोंड सपष्ट दिसून राह्यलं होतं. नाव नव्हतं.

माह्यं तोंड सुटलं. "अवं बह्याड पोट्टे, काय करून ठेवलं हे? डोळे हायेत का भोकं? घराचं वाटोळं केलं असतं तरी परवडलं असतं!" ललिताचं हासनं उतरलं. तिले कळेच ना का झालं काय. मी सांगतलं तवा ती तोंडात पदर घालून रडाले लागली.

"सीते, तिले काहून बोलतं?" जाऊबाई म्हनली. "तिनं चांगलंच घासलं. पाह्य ना, कुठी एक ओरखडा नाई." डाळीचं सूप पुढं ओढलं, दोन खडे काढले, अन् हळूच म्हने, "उद्या उकंडरावले पानी कसं भेटन वं?"

शेलूबाजारले नाव टाकनारा बसे, पन बाजार होऊन गेला होता. पुढचा बाजार येईपर्यंत आखजी निघून जात होती. सांजीले हे मळ्यातून आले. मी त्यायले सारं सांगतलं. म्हतलं, बंडी जुंपा, नाव टाकनाऱ्याच्या घरी जा, त्याले उचलून आना, काईही करा. यायनं शांतपनं पाय धुतले.

"त्याले आनून काय उपेग?" हे म्हने. "ते नाव उकंडरावनं सोता टाकून देल्लं होतं, म्हनून मी आजवर काई बोललो नाई. आता कोनीही टाकलं तं ते आपन टाकलेलं. म्हंजे पानी आपन देल्लेलं. लेकीचं पानी तिकडं जात नाई, वयनी. तुमाले ठाव हाये. देवानंच पुसलं समजा."

जाऊबाईनं मान हालवली. ती यायच्याशी वाद घालत नसे. मले मातर असा राग आला का हातातली उलथनी यायच्या दिशेनं भिरकवावी वाटे. देवाले दुसरं काम नव्हतं म्हना, आमच्या घरचं पितळ घासाले आला!

सकाळी मी उठून पाहतो तं जाऊबाई ओसरीवर गुंड पुढं घेऊन बसलेली. ललिताही तिथीच. पोरीचे डोळे रडून सुजले होते. ओट्याले लावाले भिजवलेला गेरू एका वाटीत घेऊन आली होती. "आत्याबाई, मले लिवता येते," ती म्हने. "मी लिवून देतो. मोठं-मोठं लिवतो."

"नाई माय," जाऊबाई म्हनली. "तुह्यं अक्षर तुह्यं. त्याचं नाव असं नव्हतं."

"मंग कसं होतं?"

जाऊबाईले सांगता येईना. तिनं रिकाम्या पितळावर बोट टेकवलं अन् फिरवून दाखवलं. असं, मंग असं, मंग इथून वळसा, मंग खाली. डोळे तिनं अर्धे मिटले होते. बोट कुठी थांबलं नाई, कुठी अडखळलं नाई. मी आपली तिच्याकडं पाहून राह्यली, अन् ललिता तिच्या बोटाकडं पाहून राह्यली. अन् एकदम ती पोरगी ओरडली, "आत्याबाई! तुमी तं लिवून राह्यल्या!"

"लिवनं कायचं वं? मी तं पुसून राह्यली," जाऊबाई म्हनली.

"नाई हो, हे लिवनं हाये! हा उ झाला. हा कं. तुमाले लिवता येते!"

जाऊबाईनं बोट झटकन मांगं घेतलं, चोरी पकडल्यागत. ललितानं वाटी पुढं सरकवली. जाऊबाईनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हतलं, "आता पाहतं काय? बुडव बोट." तिनं गेरूत बोट बुडवलं, अन् त्या लखलखीत पितळावर तेच फिरवनं फिरवलं जे ती इतके वर्स ताकानं फिरवत आली होती. लाल अक्षरं उमटाले लागले. ललिता एकएक अक्षर मोठ्यानं वाचे, अन् जाऊबाई दर वेळी चमकून तिच्याकडं पाहे. शेवटी वरची आडवी रेघ तिनं एका दमात ओढली.

"उकंडरावकडून गोजरास," ललितानं सारं एकदा वाचलं.

"त्याच्यात त्याचं कुठून कुठपर्यंत हाये?" जाऊबाईनं इचारलं.

ललितानं बोट दाखवलं. "इथून इथपर्यंत मामाजी. अन् हे इकडलं तुमी."

"हे मी?" जाऊबाई म्हने. "पाह्य बरं. मी सारंच त्याचं समजून पुसत होती. कोनतं त्याचं अन् कोनतं माह्यं, हे मले कोनी सांगतलंच नाई." अन् ती हासली, अन् हासता हासता तिच्या डोळ्यातून पानी चाललं. मी लाख वेळा त्या बाईले पितळ घासताना पाह्यलं असन, पन तिची बरोबरी आपल्याच्यानं ह्या जल्मात होत नाई हे मले त्या घडीले पटलं. जे शिकाले लोकायचे लेकरं शाळंत जातात, ते ही बाई एका गुंडावर शिकली होती, अन् तिले पत्ता नव्हता.

मंग तिनं डोळे पुसले अन् बसल्या-बसल्या इचार केला. मले वाटलं, आता गुंड भरून दरसालसारखा जांबाखाली ठेवन. पन ती म्हने, "हिरा खरं बोलते, सीते. हे नाव आता माह्या हातचं झालं. आता त्याचं त्यानं प्यावं असं म्हनता येत नाई. मंग मीच देतो ना. चोरून कायले देऊ?" तिनं गुंड भरला अन् घरच्या घागरी जिथी मांडल्या होत्या, त्यायच्या रांगेत आनून ठेवला. सासऱ्याची घागर, सासूची घागर, गुलाबरावची घागर, अन् बाजूले उकंडरावचा गुंड.

हे आंघोळ करून आले अन् रांग पाहून थबकले. खाली वाकून अक्षरं लावत-लावत नाव वाचलं. "हे कोनं लिवलं?"

"मी," जाऊबाई म्हनली.

यायले ते खरं वाटलं नाई. यायनं ललिताकडं पाह्यलं, तिनं मान हालवली. "अन् पानी कोन देऊन राह्यलं?"

"मी देऊन राह्यली, हिरा. त्याची बहीन देऊन राह्यली. पोचलं तं पोचलं, नाई पोचलं तं माह्यं पाप मले. पन मले त्याचं नाव लिवता येते हे आज कळलं, अन् आजच त्याले तहानेला ठेवू?"

यायनं घरच्या घागरीची पूजा केली, निखाऱ्यावर घास टाकला. शेजारचा गोपीचंद आमच्याकडं दरसाल पितर म्हनून बसे. तो बसला, चांगलं हादडलं, चिचोनी प्याला, अन् मिशा पुसल्या. तो उठाच्या आत जाऊबाईनं गुंडासमोर दुसरा पाट मांडला अन् दुसरं ताट वाढून आनलं. पुरनपोळी, वडे, कुरडई, आंब्याचा रस. "गोपीचंदभाऊ, इथी बसता का? उलीसा घास घेतला तरी चालन."

गोपीचंदनं पाटाकडं पाह्यलं, मंग आमच्या यायच्या तोंडाकडं पाह्यलं. त्या पाटावर बसनं म्हंजे लेकीचं पानी कबूल करनं. "बाई, पोटात जागा नाई हो," म्हनून त्यानं चपला घातल्या अन् निघून गेला. रामधन पुढं झाला तं जाऊबाईनंच त्याले थांबवलं. भाचा म्हंजे उकंडरावच्या रक्ताचा, पितर त्याच्या घराले परका लागते. आता परक्या घरचा कोन येनार? गोपीचंद गल्लीत सांगत गेलाच असन. कोनी आलं नाई. जाऊबाई पाटाजवळ पंखा घेऊन माश्या वारत बसली. ताट गार होऊन राह्यलं होतं.

मंग माह्याच्यानं राह्यवलं नाई. मी यायच्यापुढं जाऊन उभी राह्यली. "जिनं तुमाले कडेवर घेऊन वाढवलं, तिच्या भावाले घोटभर पानी जाऊ देता येत नाई तुमाले? तुमची माय गेली तवा तुमाले पानी कोनं पाजलं? ती कोनाची लेक होती? तिचं पानी तुमाले बरं पोचलं! तवा नाई कोनी रीत काढली!"

"सीते, गप," जाऊबाई म्हनली. "त्याले नोको बोलू. म्हाताऱ्यायनं जे सांगतलं तेच ते सांगते, त्यात त्याचं काय चुकलं? मी पानी मांडलं, माह्यं काम झालं. ताट गाईले देतो." अन् ती ताट उचलाले वाकली.

"राहू द्या ते," हे म्हने, अन् दारातून बाहेर निघून गेले.

मले वाटलं, रागानं गेले. मी मनातल्या मनात यायच्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. विहिरीवर पान्याचा आवाज आला. मंग हे परत आले ते ओल्या पायानं, तोंडावरून पानी निथळून राह्यलेलं, डोक्याले फेटा नाई. यायनं माह्याकडं पाह्यलं नाई, रामधनकडं पाह्यलं नाई. सरळ गेले अन् त्या पाटावर मांडी घालून बसले. जाऊबाईच्या हातातला पंखा तसाच राह्यला. ललितानं माह्या दंडाले घट्ट धरलं.

यायनं ताटाले हात लावला नाई. वर पाह्यलं अन् म्हने, "गोजरे, लय ऊन हाये वं. पानी दे."

थोरल्या वयनीचं नाव धाकट्या दिराच्या तोंडून आमच्याकडं कोनी मेल्यावरही काढत नाई. अन् तिले गोजरे म्हननारं तं मानमोडीपासून ह्या जगात कोनी नव्हतंच. कोनाची ती माय होती, कोनाची जाऊबाई, कोनाची वयनी. जाऊबाईनं एकदा यायच्या तोंडाकडं पाह्यलं. मंग तिनं दोन्ही हातानं गुंड उचलला अन् यायच्या ओंजळीवर वाकवला. अर्धं पानी पाटावर सांडलं.

"देतो दादा, देतो," ती म्हनली. "पोटभर पे."